वरून धडधाकट दिसणारा मेंदू

बुधवार, रात्री साडेदहा

आज दुपारी सरांनी लॅबमध्ये एक ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला पेशंटच्या ऊतीचा तुकडा, परत पाठवला. चिठ्ठीत एवढंच, "अजून खोल सेक्शन घ्या," म्हणजे आणखी आतून पातळ काप काढा. पहिल्या स्लाइडवर काही सापडलं नव्हतं, पण पेशंटचा त्रास फॉर्मवर नीट लिहिलेला होता. ब्लॉक बर्फावर गार केला, मायक्रोटोमला, म्हणजे काप काढायच्या यंत्राला, लावला आणि सलग कापांची रिबन काढत बसले. कोमट पाण्यावर तरंगणारी ती पट्टी स्लाइडवर उचलताना पुन्हा माईक वेब्स्टर हा अमेरिकन फुटबॉलपटू आठवला. आठवडाभर त्याच्याबद्दल मिळेल ते वाचतेय, त्यामुळे तो डोक्यातून जातच नाही.

अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आता सेंटर म्हणजे काय ते कळलंय. दोन्ही संघांचे धिप्पाड लाइनमन समोरासमोर वाकून उभे राहतात. मधला तो सेंटर. तो दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात देतो आणि त्याच क्षणी समोरच्यावर तुटून पडतो. प्रत्येक डावाची सुरुवात अशी. सगळ्यांचे डोळे चेंडूमागे धावतात आणि मध्ये डोक्यावर डोकं आदळतं ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

वेब्स्टर विस्कॉन्सिनचा. १९७४ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाकडे आला. संघाबरोबर चार सुपर बोल, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढती, जिंकला. शेवटचे दोन हंगाम कॅन्सस सिटीकडून खेळला. एकूण १७ हंगाम, २४५ सामने. लोक त्याला 'आयर्न माईक' म्हणत. कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी उतरायचा. सामन्यांचा आकडा वाचून मी सराव मोजायला लागले आणि सोडून दिलं. सरावातही तेच धक्के, आणि शाळा-कॉलेजातली वर्षं त्यात धरलेलीच नाहीत.

खेळ थांबल्यावर माणूस ढासळत गेला. विसरायचा, भडकायचा, वाक्य मध्येच तुटायचं. पैसे गेले, संसार मोडला. ट्रकमध्ये झोपायचा, कधी रेल्वे स्टेशनवर. पडलेले दात सुपरग्लूने चिकटवायचा. झोप यावी म्हणून स्वतःला टेझरचे, म्हणजे विजेच्या बंदुकीचे, झटके देऊन घ्यायचा. हे वाचून मी फोन पालथा ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

सप्टेंबर २००२ मध्ये हृदयविकाराने गेला, अवघ्या पन्नाशीत. पिट्सबर्गच्या शवविच्छेदन कक्षात त्या शनिवारी बेनेट ओमालू नावाचा तरुण नायजेरियन डॉक्टर ड्युटीवर होता. त्याला फुटबॉलचा गंध नव्हता. पण हा माणूस असा का वागत होता, हे त्याला कळून घ्यायचं होतं. कवटी उघडली तर मेंदू अगदी व्यवस्थित. आकसलेला नाही, कुठे डाग नाही. ज्यांनी ग्रॉसिंग, म्हणजे नमुना उघड्या डोळ्यांनी तपासायचं काम, केलंय त्यांना माहीत आहे, अशा वेळी फॉर्मवर 'नॉर्मल' लिहून पुढच्या केसकडे वळणं किती सोपं असतं. ओमालूने तो मेंदू फॉर्मॅलिनमध्ये ठेवायला सांगितला. पुढे स्वतःच्या खिशातून पैसे घालून स्लाइड करून घेतल्या.

आणि स्लाइडवर दिसलं. टाऊ नावाचं प्रथिन चेतापेशींमध्ये आधाराला असतं. इथे ते सुटून गोळा झालं होतं. इम्युनो स्टेनमध्ये, म्हणजे ठरावीक प्रथिन दाखवणाऱ्या रंगात, निळसर पार्श्वभूमीवर असे तपकिरी गुंते उठतात. त्या स्लाइड करणाऱ्या टेक्निशियनचं नाव मला कुठे मिळालं नाही. पण रंग चढवून ती पहिली स्लाइड उजेडात धरणारं कुणीतरी होतंच ना!

डोक्याला वारंवार मार बसून मुष्टियोद्ध्यांना होणारा असा आजार १९२८ पासून कागदावर होता. फुटबॉलपटूमध्ये तो पहिल्यांदा सापडल्याचा लेख २००५ मध्ये 'न्यूरोसर्जरी' या नियतकालिकात आला. फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, म्हणजे एनएफएलच्या, समितीतल्या तीन डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून पत्र लिहिलं. मला खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. खेळाडूंच्या पेन्शनच्या मंडळाने वेब्स्टर जिवंत असतानाच, १९९९ मध्ये, त्याचं अपंगत्व डोक्याच्या मारामुळे आहे हे मान्य केलं होतं. भांडण उरलं ते कुठल्या वर्षापासून पैसे द्यायचे याचं. खेळ सोडल्यापासून की १९९६ पासून? तो गेला तरी ते मिटलं नव्हतं. शेवटी २००६ मध्ये अपील कोर्टाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने या आजाराचा फुटबॉलशी संबंध उघडपणे मान्य केला तो २०१६ मध्ये.

मुंग्या आल्या हाताला, पण एक लिहून ठेवायचंय. १९९७ मध्ये ओहायोतल्या कँटनला त्याला फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतलं. स्टीलर्सचा जुना क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ त्याची ओळख करून द्यायला उभा होता. बोलता बोलता त्याने चेंडू मागितला, शेवटचा एकदा. वेब्स्टर पुढे आला, पाय फाकवून वाकला आणि चेंडू मागे दिला. त्यानंतरचं त्याचं भाषण लांबलं, भरकटत गेलं. वाकताना मात्र त्याला काही आठवावं लागलं नसावं.

खोल सेक्शनच्या सहा स्लाइड उद्यासाठी ट्रेमध्ये लावून आलेय.