तुम्ही विचारलंत म्हणून: तोक्यो स्टेशनातली गोल खूण

मी पुण्यात जपानी शिकवते. २०२२च्या जुलैत शिंझो आबेंची हत्या झाली, तेव्हापासून नवी बॅच आली की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, इतक्या शिस्तीच्या देशात असं कसं झालं?" जणू पहिल्यांदाच झालं! मग मी तोक्यो स्टेशनावरून सुरुवात करते.

स्टेशनाच्या मारुनोउची बाजूच्या दक्षिण दाराशी, तिकिटाच्या मशीनजवळ फरशीत एक छोटी गोल खूण आहे. वर देखणा घुमट. माणसं मान वर करून घुमटाचे फोटो काढतात, पायाखाली कोण बघतंय? ४ नोव्हेंबर १९२१च्या संध्याकाळी पंतप्रधान हारा ताकाशी पक्षाच्या सभेसाठी क्योतोला निघाले होते. गर्दीतून अठरा वर्षांचा एक पोरगा आला आणि त्यानं तिथेच सुरा खुपसला.

हारा उत्तरेतल्या मोरिओकाचे. १८६८च्या यादवीत त्यांचं संस्थान हरलं. जिंकलेले हिणवायचे, शिराकावाच्या पलीकडे एक डोंगर शंभर मोनला मिळतो. मोन म्हणजे जुनी चिल्लर. हारांनी हायकूसाठी टोपणनाव घेतलं ते त्यातलंच, 'एक डोंगर'. टोमणा असा मिरवणारा माणूस मला आवडतो.

आधी पत्रकार, मग परराष्ट्र खातं, मग सेइयूकाई पक्ष. १९१८मध्ये तांदूळ भडकला, दंगली झाल्या, सरकार गेलं आणि हारा पंतप्रधान झाले. घराणं सामुराईंचं, पण सरदारकी कधी घेतली नाही, म्हणून 'सामान्यांचा पंतप्रधान'. हे कौतुक मला जरा जास्तच वाटतं. मतदानासाठीची कराची अट त्यांनी दहा येनवरून तीनवर आणली खरी. पण सगळ्याच पुरुषांना मत द्या, अशी मागणी जोरात आली तेव्हा १९२०मध्ये संसदच बरखास्त केली. वर निवडणूकही जिंकली. गावोगाव रेल्वे नेऊन मतं बांधण्यात हा पक्ष पटाईत होता.

आणि मारेकरी नाकाओका कोनइची रेल्वेतलाच, ओत्सुका स्टेशनावरचा सांधेवाला! एक आख्यायिका आहे. त्याचे साहेब म्हणाले, पुढारी पोट चिरायच्या बाता मारतात, चिरत कुणीच नाही. जपानीत पोट म्हणजे 'हारा', हाराकिरीतला तोच. पोरानं ऐकलं, हारांना चिरायचं. शब्दाची गंमत म्हणून मी हे सांगते, कारण म्हणून नाही. त्याला जन्मठेप झाली, पण १९३४मध्ये तो बाहेर होता.

त्याच स्टेशनात १९३०मध्ये पंतप्रधान हामागुचींवर गोळी झाडली गेली. पुढच्या वर्षी ते गेले. १५ मे १९३२ला नौदलाचे तरुण अधिकारी पंतप्रधान इनुकाईंच्या निवासस्थानी घुसले. "बोललो तर समजेल," म्हातारे इनुकाई म्हणाले. अधिकाऱ्यांनी बोलू दिलं नाही, गोळ्या झाडल्या. खटला चालला तेव्हा आरोपींवर दया करा म्हणून लोकांच्या अर्जांचे ढीग लागले.

इथे वर्गात हमखास कुणीतरी विचारतं, "मग फाशी किती जणांना झाली?"

एकालाही नाही.