डॉक्टरांच्या खोलीबाहेरचं टेबल

दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये फ्लोरेन्स अव्हेन्यूवर उम्मा क्लिनिक आहे. 1992च्या दंगलीत हा भाग होरपळला, त्यानंतर यूसीएलए आणि चार्ल्स ड्रू विद्यापीठातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांनी या दवाखान्याची जुळवाजुळव केली आणि 1996मध्ये तो सुरू झाला. पेशंट बहुतेक लॅटिनो आणि कृष्णवर्णीय. पुढे फ्रीमाँट हायस्कूलच्या आवारात त्यांनी आरोग्यकेंद्र आणि भाजीपाल्याची बागही उभी केली. दवाखान्याने भाजी का लावावी, हे कागदपत्रांच्या टेबलावर बसलेल्याला लगेच कळतं. याच शहरात, अशाच एका दवाखान्यात मी फॉर्म भरून देते.

सुरुवात उत्पन्नापासून. सवलतीची फी घरातली माणसं आणि उत्पन्न या दोनच गोष्टींवर ठरते: दारिद्र्यरेषेच्या 100 टक्क्यांपर्यंत फार तर नाममात्र रक्कम, पुढे 200 टक्क्यांपर्यंत उतरती सवलत. पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. हे मी आधीच सांगते, कारण बिलाच्या धास्तीने माणूस उत्पन्न धड सांगत नाही. रोखीने मजुरी घेणाऱ्याकडे पगाराची स्लिप नसते. त्याच्याकडून सहीनिशी लेखी निवेदन घ्यायचं.

हिशेब चुकतो तो आठवड्याच्या पगारात. लोक 4ने गुणतात, महिन्याचे 4.33 आठवडे धरायचे, आणि रक्कम टॅक्स कापण्याआधीची. मेडी-कॅलला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सरकारी आरोग्यविम्याला, मोठ्या माणसांसाठी मर्यादा दारिद्र्यरेषेच्या साधारण 138 टक्क्यांची, त्यामुळे काठावरच्या अर्जाचा निकाल एवढ्या फरकानेही बदलतो. दुसरी गफलत माणसं मोजण्यात होते. मेडी-कॅल टॅक्स रिटर्नमधलं कुटुंब धरतं, फीची सवलत दवाखान्याच्या स्वतःच्या व्याख्येने मिळते. एकाच बाईच्या एका फॉर्मवर 3 आणि दुसऱ्यावर 5 माणसं, आणि दोन्ही आकडे बरोबर, असंही होतं. खोडाखोड करू नये.

पत्त्याला मात्र मी सगळ्यात जास्त वेळ देते. गॅरेजमध्ये भाड्याने राहणाऱ्याची टपाल पेटी घरमालकाच्या नावावर असते. मेडी-कॅलच्या नूतनीकरणाचा पिवळा लिफाफा तिथेच पडून राहतो, मेडी-कॅल बंद होतं, आणि ते कळतं औषधांच्या दुकानात, इन्सुलिन घेताना. म्हणून खात्रीच्या नातेवाइकाचा पत्ता ‘केअर ऑफ’ लिहून द्यायचा. बंद झालंच, तरी 90 दिवसांच्या आत कागद पोचले तर नवा अर्ज लागत नाही. घाबरून नवा अर्ज टाकला की दोन फाइली होतात आणि घोळ वाढतो.

दुभाषी म्हणून मुलांना बसवायचं नाही. आडनाव स्पॅनिश असलं तरी घरची भाषा सापोटेक किंवा किचे, म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालातली मूलनिवासी भाषा, असू शकते, म्हणून आधी भाषा विचारायची.

शेवटी दोन प्रश्न: गेल्या 12 महिन्यांत हातात पैसे येण्याआधी धान्य संपेल अशी काळजी वाटली का? खरंच संपलं का? एकालाही होकार आला की कॅलफ्रेशचा, म्हणजे धान्य-किराण्यासाठीच्या सरकारी मदतीचा अर्ज. मधुमेह्याच्या बाबतीत हे डॉक्टरांच्या कानावर घालायचंच. महिनाअखेरीस डबे रिकामे झाले आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायक उतरते. अर्जाची मुलाखत बहुधा फोनवर होते. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीचा फोन अनोळखी नंबरवरून येतो आणि माणूस उचलत नाही, म्हणून तारीख-वेळ लिहिलेली चिठ्ठी मी फोनच्या कव्हरमागे सरकवून देते. फोन चुकला तर त्याच दिवशी उलट फोन करायचा.