आखडलेली मान, चक्कर आणि धास्ती : आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद, दोन्ही उपचार बरोबरीने घेताना

उत्तरायणानंतरच्या आठवड्यात माझी मान अशी आखडली की मागे पाहायचे तर सगळे अंग वळवावे लागे. बडोद्यात ते दोन दिवस बहुतेक घरे गच्चीवरच असतात आणि डोके मागे टाकून पतंग पाहण्यात दिवस जातो. त्याआधी वर्षानुवर्षे संगणकापुढे बसून हिशेबाचे काम चालू होतेच. नुसती मान दुखत असती तर मी शेक घेऊन स्वस्थ बसले असते, परंतु पाठोपाठ अंथरुणात कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढण्यासाठी वर पाहताना खोली गरगर फिरू लागली, आणि ती पुन्हा फिरेल या धास्तीने छातीत धडधड होऊन झोप उडाली.

नात्यातल्या मंडळींनी मान चोळून घ्या, कुणाकडून तरी ‘मोडून’ घ्या, असे आग्रहाने सुचवले. आमच्या दांडिया बाजारातील डॉक्टरांनी मात्र मानेला झटका देणारा कोणताही प्रकार करायचा नाही, त्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, असे निक्षून सांगितले. बोलताना जीभ जड होते का, एकाच्या दोन वस्तू दिसतात का, हातापायांत अशक्तपणा किंवा मुंग्या आहेत का, बटण लावताना बोटे अडखळतात का, चालताना तोल जातो का, हे त्यांनी एकेक करून विचारले, कारण यांतले काही असते तर मला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे लागले असते. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब घेतला, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-12 तपासले. एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली तेव्हा घरात सर्वांनाच चक्कर येण्याचे कारण सापडल्यासारखे वाटले. पण पन्नाशीच्या आसपास अशी झीज काहीही तक्रार नसलेल्या माणसांतही दिसते आणि खोली फिरल्यासारखी चक्कर बहुधा कानातून येते, असे सांगून त्यांनी मला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे धाडले.

तेथील तपासणी थोड्या मिनिटांची होती. डॉक्टरांनी मला बसवून मान उजवीकडे वळवली आणि तशीच झपकन मागे निजवले. काही क्षणांत सगळे फिरू लागले आणि माझी बुबुळे एका ठरावीक दिशेने थरथरताना त्यांना दिसली. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोक्याची स्थिती बदलताच मिनिटभराच्या आतली, पण जोरदार चक्कर येते. डोके टप्प्याटप्प्याने वळवून ते कण मूळ जागी नेण्याची एप्ली यांची पद्धत त्यांनी तेथेच वापरली. चक्कर दाबणारी गोळी फार दिवस घेऊ नये, तिच्यामुळे मेंदूला तोल पुन्हा सावरायला उशीर होतो, असेही त्यांनी बजावले.

फिरणे थांबले, परंतु होडीत उभे असल्यासारखे डोलणे राहिले. मंगळ बाजाराच्या गर्दीत शिरले की ते वाढे, आणि चक्कर येईल म्हणून मी मान ताठ धरून चालत असल्याने मान अधिकच आखडे. मानसोपचारतज्ज्ञांनी हे चक्र मला समजावून दिले. कानाचा आजार बरा झाल्यावरही मेंदू सावधच राहतो, शरीर ताठ धरतो आणि तोलासाठी डोळ्यांवर अधिक विसंबतो. अशा रेंगाळणाऱ्या चक्करेचे आंतरराष्ट्रीय निकष 2017 मध्ये निश्चित झाले आहेत. चिंता कमी करणारी गोळी अल्प मात्रेत सुरू झाली. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता किंचित वाढू शकते आणि ती मनाने एकदम बंद करायची नाही, हे मला आधीच सांगितले होते, म्हणून मी टिकले.

या टप्प्यावर, डॉक्टरांना सांगूनच, मी पाणीगेटबाहेरील सरकारी आयुर्वेद रुग्णालयात गेले. तेथील वैद्यांनी नाडी पाहिली, तसेच सर्व अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी बारकाईने वाचली. सुश्रुतसंहितेत मन्यास्तंभाच्या, म्हणजे मान आखडण्याच्या, कारणांत दिवसा झोपणे, चुकीचे बसणे आणि सतत वर पाहणे ही कारणे दिली आहेत आणि तेथे वाताला कफाचे आवरण असते, असे ते म्हणाले. त्यामुळे आरंभी तेल न लावता गरम वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक द्यायचा आणि जडपणा उतरल्यावर तेलाकडे वळायचे, असा क्रम त्यांनी लावला. मला वाटत होते की तेल हाच आयुर्वेदाचा पहिला उपाय असतो, आणि तेल लावण्याआधी इतका विचार होतो हे मला फार मोलाचे वाटले.

याच ग्रंथात मन्यास्तंभावर नस्यही सांगितले आहे, पण वैद्यांनी ते पुढे ढकलले. “बेन, नाकात औषध सोडायला डोके मागे टाकावे लागते, आणि तुमची चक्कर नेमकी त्याच स्थितीत येते, कानाचे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नस्य नको,” असे ते म्हणाले. म्हणून ग्रीवाबस्ती निवडली गेली, कारण ती पालथे निजून घेता येते. मानेवर उडदाच्या भिजवलेल्या पिठाची पाळ करतात, तिच्यात कोमट तेल ओततात आणि ते निवत आले की काढून पुन्हा गरम तेल घालतात. मला निजवताना आणि उठवताना परिचारिका हात धरून सावकाश हलवीत, आणि उठल्यावर थोडा वेळ पाय खाली सोडून बसवीत. त्या अर्ध्या तासात खांद्यांतला ताठरपणा सुटताना मला स्पष्ट जाणवे, आणि त्या रात्री झोप लागे.

पोटातल्या औषधांबाबत वैद्य त्याहून सावध होते. अश्वगंधा अनेकांनी मला सुचवली होती. परंतु मी थायरॉइडची गोळी घेते आणि अश्वगंधेने त्या संप्रेरकाचे प्रमाण वाढू शकते, म्हणून त्यांनी ती दिली नाही. झोपेसाठी एका आप्ताने आणून दिलेल्या डबीवर सर्पगंधा लिहिलेले पाहून त्यांनी ती बंदच करवली, कारण सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, त्यामुळे चक्कर वाढू शकते आणि मन खिन्न होऊ शकते. जटामांसी आणि ब्राह्मीसुद्धा, झोपेची गुंगी वाढू नये म्हणून, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्यावरच अल्प प्रमाणात सुरू केली. घटक न लिहिलेली पुडी कोणाकडूनही घ्यायची नाही, हा त्यांचा नियम मी घरातल्या सर्वांसाठी लागू केला आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे गरगरणे गेले ते कानाच्या उपचाराने आणि धास्ती ओसरली ती गोळीने व समुपदेशनाने. मान सुटणे, झोप सुधारणे आणि दिवसाला पुन्हा वळण लागणे यांत शेक, तेल व वैद्यांनी आखून दिलेल्या दिनचर्येचा वाटा मोठा आहे. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मानेचे हलके व्यायाम आणि सकाळी कमाटी बागेत डोके मोकळे ठेवून, आजूबाजूला पाहत चालणे चालूच आहे. मानसोपचाराची गोळी आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी होत आहे. कानातले कण पुन्हा सरकू शकतात, याची कल्पना मला दिलेली आहे. तसे झाल्यास प्रथम कान-नाक-घसा विभागात जायचे आणि तोवर ग्रीवाबस्ती थांबवायची, हे वैद्यांनी स्वतःच माझ्या केसपेपरवर लिहून दिले आहे.