आयब्रोचा ब्रश घेताना आधी तो आडवा धरून बघा

आधीच सांगते, आयब्रो भरायला म्हणून तो बारा ब्रशचा गुलाबी पाऊचवाला सेट घेऊ नका. त्यातले निम्मे ब्रश कशासाठी असतात हे कधीच कळत नाही आणि जो आयब्रोसाठी म्हणून दिलेला असतो तोच नेमका सगळ्यात कामचुकार निघतो, जाड, लिबलिबीत आणि टोकाला पसरलेला. घरच्या वापराला दोनच ब्रश पुरतात. एक तिरका कापलेला बारीक ब्रश, ज्याला सगळे अँगल्ड ब्रश म्हणतात, आणि दुसरी स्पूली, म्हणजे मस्काऱ्याच्या कांडीसारखी दिसते ती. बास.

आता अँगल्ड ब्रश तर दुकानात पन्नास प्रकारचे टांगलेले असतात, समोरून सगळे सारखेच दिसतात, म्हणून तर गोंधळ होतो. समोरून बघूच नका. ब्रश आडवा धरा, म्हणजे त्याची धार तुमच्या डोळ्यासमोर येईल अशी, आणि ती धार किती पातळ आहे ते बघा. ती जेवढी पातळ तेवढी तुमची रेघ केसासारखी येणार, आणि धार जाड असली की कितीही हात साफ असू द्या, भुवई रंगवल्यासारखीच दिसते. आयलायनरचा आणि आयब्रोचा अँगल्ड ब्रश हे सख्खे भाऊच, बरेच जण एकच ब्रश दोन्हीला वापरतात आणि त्यात काही बिघडत नाही, फक्त मध्ये धुवा म्हणजे झालं.

दुसरं म्हणजे कडकपणा. टेस्टर ठेवलेला असेल तर ब्रशचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं दाबा. केस थोडे वाकून लगेच जागेवर आले पाहिजेत. दाबल्यावर पंख्यासारखे फाकले तर ठेवून द्या परत, कितीही स्वस्त असला तरी. मग हाताच्या मागच्या बाजूला एक छोटी रेघ ओढून बघा, टोकाने नाही, पूर्ण धार टेकवून. एकच बारीक सलग रेघ आली तर ठीक. दोन समांतर रेघा आल्या तर मधले केस दुभंगलेत, असला ब्रश पुढे सुधारत नाही. केसांची लांबीही बघा, आखूड केसांचा ब्रश कडक लागतो आणि ताब्यात राहतो, लांब केसांचा लवचीक असतो पण मग नवशिक्या हाताला तो कुठे जाईल सांगता येत नाही. रुंदीला पाचेक मिलिमीटर पुरे, भुवई बारीक असेल तर त्याहून कमी.

सिंथेटिक का नॅचरल, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. उत्तर तुम्ही भरता कशाने यावर आहे. पोमेड, म्हणजे छोट्या डबीतलं ते घट्ट क्रीमसारखं असतं ते, किंवा जेल वापरत असाल तर डोळे झाकून सिंथेटिक घ्या. नायलॉनचे केस गुळगुळीत असतात, क्रीम पीत नाहीत, जेवढं उचललं तेवढं भुवईवर उतरतं आणि धुवायलाही सोपे. बकरीच्या वगैरे केसांवर नैसर्गिक खवले असतात, त्यात पावडर छान अडकते, पण पोमेड त्यात घुसलं की बाहेर येता येत नाही. पावडरसाठीसुद्धा मला आता सिंथेटिकच बरा वाटतो, फक्त तो पोमेडच्या ब्रशपेक्षा किंचित जाड आणि मऊ असावा कारण पावडरची रेघ काढायची नसते, सावली द्यायची असते. आणि पावडर म्हणजे वेगळी विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही हं, आयशॅडो पॅलेटमधला चमक नसलेला ब्राऊन असतो ना, तो चालतो. काजळाची पेन्सिल मात्र नको. आपल्याकडे सर्रास फिरवतात, पण काजळ मऊ आणि तेलकट, तासाभरात चकाकायला लागतं आणि मुंबईच्या दमट हवेत तर भुवईवरून खाली कधी सरकलं ते कळतही नाही.

ब्रँडचं म्हणाल तर मॅकचा 208 हा खास आयब्रोसाठीचा अँगल्ड ब्रश आणि अॅनास्टेशिया बेव्हर्ली हिल्सचा 12 नंबर, ज्याच्या एका टोकाला ब्रश आणि दुसऱ्या टोकाला स्पूली असते, ही नावं मेकअपवाल्यांच्या तोंडी असतातच. या अॅनास्टेशिया सोआरे बाई मूळच्या रोमानियाच्या, 1997 मध्ये बेव्हर्ली हिल्सला स्वतःचं सलोन काढलं आणि नुसत्या भुवयांवर एवढा मोठा धंदा उभा केला, मला त्यांचं भारी कौतुक वाटतं. पण रोज ऑफिसला जाताना भुवई भरायला एवढे पैसे घालायची खरंच गरज नाही. आपल्याकडे वेगा, पॅक यांचे सुटे ब्रश मिळतात, ते बघा, वरची आडवा धरायची परीक्षा त्यांनाही लावा. आणखी एक गंमत सांगते, चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात अॅक्रिलिक रंगांसाठी सिंथेटिक तिरके ब्रश मिळतात, सगळ्यात लहान नंबरचा घ्या, धार इतकी सुरेख असते की बस. नवाकोरा घ्यायचा आणि आधी धुवायचा, मुलांच्या कंपासपेटीतला उचलायचा नाही.

स्पूलीकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि माझ्या मते अर्धं काम तीच करते. भरण्याआधी केस वर विंचरून घेतले की खरी रिकामी जागा कुठे आहे ते दिसतं, नाहीतर जिथे केस आहेत तिथेच आपण रंग थापत बसतो. भरून झाल्यावर परत स्पूली फिरवली की रेघा मोडतात आणि जास्तीचा रंग निघून येतो. पार्लरवाल्यांसारखी एकदा वापरून फेकायच्या कांड्यांची पाकिटं स्वस्तात मिळतात. तीही नको असेल तर संपलेल्या मस्काऱ्याची कांडी खोबरेल तेलाने पुसून, शाम्पूने धुऊन वापरा, उत्तम चालते. केस उभे बसवायचे असतील तर पेअर्ससारख्या ग्लिसरीनवाल्या साबणावर ओलसर स्पूली घासून वर विंचरतात, ते सोप ब्रोज म्हणजे हेच. पाणी अगदी थेंबभर घ्या, फेस आला तर चुकलं.

भरताना सुरुवात शेपटाकडून करा, नाकाकडून नाही. कमानीपासून कानाकडचा भाग बहुतेकींचा विरळ असतो, रंगाची गरज तिथे असते. ब्रश रंगात बुडवला की हाताच्या मागे एकदा पुसा, मग शेपटाला छोट्या छोट्या रेघा, मग कमान, आणि ब्रशवर जे काही उरलंय तेवढंच नाकाकडच्या टोकाला. तिथे नवा रंग घ्यायचा नाही. तो भाग चौकोनी आणि गडद झाला की चेहरा सतत रागावल्यासारखा दिसतो. ब्रश पेनसारखा खाली पकडू नका, दांडीच्या मागच्या टोकाला धरा, आपोआप हात हलका पडतो. काळ्या केसांना काळा रंग लागतो असंही नाही, गडद ब्राऊनच घ्या, लालसर नसलेला. आणि हो, शेपटाकडचे केस अचानक विरळ व्हायला लागले असतील आणि सोबत थकवा, वजन वाढणं वगैरे असेल तर ब्रश नंतर घ्या, आधी थायरॉइड तपासून घ्या. बाहेरच्या बाजूची भुवई झडणं हे थायरॉइड कमी पडत असल्याचं एक लक्षण असतं.

लग्नाचा मेकअप ही वेगळीच भानगड. घरातल्या लग्नांत मामेबहिणी, चुलतबहिणी माझ्यासमोर येऊन बसतात, "ताई, नुसत्या भुवया कर" म्हणत, त्यामुळे हे अनुभवाचे बोल. मराठी नवरीच्या कपाळावर मधोमध चंद्रकोर असते आणि ती ओळंब्यासारखं काम करते, दोन्ही भुवयांमध्ये जराही फरक असला की चंद्रकोरीमुळे तो लगेच उठून दिसतो. म्हणून टिकली आधी लावून घ्यायची आणि भुवया नंतर भरायच्या, आणि एक पूर्ण करून दुसरी असं नाही, थोडी इकडची थोडी तिकडची. मग मुंडावळ्या. त्यांच्या सरी कानशिलाजवळ हलत राहतात आणि अक्षता पडेपर्यंत शेपटाकडचा रंग घासून निघतो, त्यात मे महिन्यातला हॉल, होमाचा धूर, घाम. इथे नुसती पावडर टिकत नाही. मी शेपटाला अगदी पातळ धारेच्या ब्रशने पोमेड लावते, त्यावर मऊ ब्रशने त्याच रंगाची पावडर थोपटते आणि शेवटी बिनरंगी ब्रो जेल. नाकाकडच्या बाजूला फक्त पावडर. आणि थ्रेडिंग दोन दिवस आधी उरकून घ्या गं बायांनो, आयब्रो करून आल्या आल्या त्या लाल, सोललेल्या कातडीवर पोमेड चोळलं की बारीक पुटकुळ्या येतात आणि त्या फोटोत दिसतात.

एकीचा ब्रश दुसरीला लावायचा नाही, निदान पोमेडचा तरी नाही. डोळ्याच्या इतक्या जवळचं काम आहे आणि रांजणवाडी कोणाला लग्नात हवी असते? मी प्रत्येकीला वेगळी स्पूली देते आणि अँगल्ड ब्रश दोन-तीन सोबत ठेवते.

धुण्याचं थोडक्यात. पोमेड नुसत्या शाम्पूने निघत नाही, आधी खोबरेल तेलाचा थेंब हातावर घेऊन ब्रश त्यात घोळवा, रंग सुटला की बेबी शाम्पू, मग पाणी, टोक खाली ठेवून. केस ओले असतानाच बोटांच्या चिमटीत धरून धार परत सपाट करून घ्या, वाळल्यावर ती तशीच राहते. ओला ब्रश ग्लासात उभा ठेवायचा नाही, पाणी त्या धातूच्या नळीत उतरतं, आतला गोंद सुटतो आणि मग भुवईपेक्षा ब्रशचेच केस जास्त गळतात. टेबलाच्या कडेला आडवा ठेवा, केसांचा भाग बाहेर राहील असा. पावसाळ्यात पंखा लावूनसुद्धा वाळायला रात्र कमी पडते, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ब्रश धुवायला काढू नका.