लाख, स्पिरिट आणि तीन मिनिटं

आधी कबुली देऊन टाकतो म्हणजे पुढचं लिहायला मोकळा. मागच्या दिवाळीत मी आजोबांची एक रेकॉर्ड मारली. फोडली नाही, पाडली नाही, स्वच्छ करायला गेलो.

झालं असं की सांगलीच्या घराचा माळा रिकामा करताना पेटीचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन, सापडला, एचएमव्हीचा पोर्टेबल, बाहेर कर्णा नसलेला, बॅग उघडावी तसा उघडणारा, आणि त्याच्याबरोबर लोखंडी ट्रंकेत चाळीसेक तबकड्या. अर्ध्या बालगंधर्वांच्या, काही हिराबाई बडोदेकर, काही मास्टर दीनानाथ, एक-दोन अब्दुल करीम खाँ, आणि तळाशी कुठल्यातरी विनोदी नकलांच्या, ज्या कुणी कधीच ऐकल्या नसाव्यात. मी सगळं पुण्याला उचलून आणलं, ओळखीच्या ओळखीतून एका कारागिराकडून स्प्रिंग बदलून घेतली, आणि रविवारी सकाळी चहाबिहा घेऊन बसलो सफाईला. एका व्हिडिओत एक माणूस रेकॉर्डवर स्पिरिटचा बोळा फिरवत होता आणि रेकॉर्ड आरशासारखी चमकत होती. घरात सॅनिटायझरची मोठी बाटली पडूनच होती. म्हटलं चला.

कापसावर काळं यायला लागलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, बघा ऐंशी वर्षांची घाण निघतेय! बोळा बदलला, परत काळं. तिसरा बोळा, परत काळं. मग जरा उजेडात धरून बघितलं तर तबकडीचा तुकतुकीतपणा जाऊन ती पाटीसारखी मळकट झालेली, आणि चार-पाच ठिकाणी बोटाला चिकट लागतंय. लावून बघितली. फसफस. तव्यावर पाण्याचा हबका मारल्यासारखा आवाज, आणि त्याच्या मागे खूप लांब कुणीतरी गातंय असं वाटतंय. घाण कसली, कापसावर गाणंच निघत होतं.

तो व्हिडिओवाला माणूस व्हिनाइल पुसत होता, म्हणजे एलपी. आणि माझ्या हातात होती लाखेची तबकडी. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे सुताराच्या पोरालाही माहिती असतं, फर्निचरचं पॉलिश अजून काय असतं? चपड्या लाखेचे कण स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेले. आमच्याच घरच्या कपाटांना पॉलिश होताना मी लहानपणी शेजारी बसून तो वास घेतलाय. तरी डोक्यात आलं नाही. ज्यांच्याकडे अशा तबकड्या असतील त्यांनी फक्त मऊ ब्रश घ्यावा, साध्या स्वच्छ पाण्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, आणि लगेच सुती कापडाने टिपून घ्यायचं. बास. स्पिरिट, सॅनिटायझर, परफ्यूम, काही नको.

पण त्या चुकीपायी मी दोन महिने लाखेच्या मागे लागलो आणि जे वाचलं, विचारलं, ऐकलं ते भारी आहे. पळस, बोर, कुसुम असल्या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात, त्यांच्या अंगातून जो चिकट रस येतो ती लाख. आपल्याकडच्या बांगड्यांची, पत्रांवरच्या सीलची. जगाला लागणाऱ्या लाखेतली बहुतेक आपल्याच देशातून जायची. तबकडीत मात्र लाख थोडीच, बाकी दगडाची भुकटी, काळ्या रंगासाठी काजळी, थोडे सुताचे धागे. म्हणजे खरं तर ती एक पातळशी फरशीच, लाखेने बांधलेली. म्हणून हातातून सुटली की टणकन दोन तुकडे.

आता यातली गंमत बघा. 1902 साली फ्रेड गैसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस जहाजाने कलकत्त्याला आला, हॉटेलच्या खोल्यांत यंत्र मांडलं, आणि नोव्हेंबरमध्ये गौहर जानचं गाणं मेणाच्या तबकडीवर कोरून घेतलं. पण छापायची सोय इथे नव्हती. ते मेण जर्मनीला, हानोव्हरला गेलं, तिथे छपाई झाली आणि माल परत इकडे विकायला आला. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो 1908 मध्ये. म्हणजे सुरुवातीची पाच-सहा वर्षं आपली लाख जर्मनीला जायची आणि ठुमरी होऊन परत यायची! गाणं संपल्यावर गौहर जान स्वतःच ठसक्यात सांगते, ‘माय नेम इज गौहर जान’. तिकडच्या छापणाऱ्यांना कुठली तबकडी कुणाची ते कळावं म्हणून हे नाव सांगणं, असं म्हणतात. कारण काहीही असो, मला तो तिचा तोरा गाण्याइतकाच आवडतो.

आणि एक चुटपुटही लागते. भाऊराव कोल्हटकर, किर्लोस्कर मंडळींचे भावड्या, ज्यांच्या आवाजाने म्हणे नाटकगृहं वेडी व्हायची, ते गेले फेब्रुवारी 1901 मध्ये. गैसबर्ग कलकत्त्यात उतरला त्याच्या जेमतेम पावणेदोन वर्षं आधी. गवई भास्करबुवा बखले 1922 पर्यंत होते, म्हणजे मधे वीस वर्षं होती, पण त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. अल्लादिया खाँसाहेब तर 1946 पर्यंत होते, तेही नाहीत. ‘स्वयंवर’ नाटकातल्या पदांच्या चाली भास्करबुवांच्या, त्या आपल्याला माहीत आहेत त्या बालगंधर्वांच्या गळ्यातून. बुवा स्वतः ते कसं म्हणून दाखवत असतील, कुठे थांबत असतील, ते गेलं ते गेलंच.

बरं, जे तबकडीवर आले ते तरी सगळे आले का? दहा इंची तबकडीची एक बाजू म्हणजे तीन मिनिटं, फार तर सव्वातीन. आणि नाटकात गंधर्वांचं एक पद वन्समोअर धरून किती चालायचं? नाटकं रात्रभर चालायची ती काय संवादांमुळे थोडीच. आमचे आजोबा सांगायचे की लोक एकेका जागेसाठी परत परत टाळ्या पिटायचे आणि गंधर्व प्रत्येक वेळी तीच जागा निराळी घ्यायचे, मागे तबल्यावर थिरकवाँसाहेबांसारखा माणूस. हे सगळं तीन मिनिटांत कोंबायचं, समोर माणूस नाही, दाद नाही, चुकलं तर मेण बाद आणि पहिल्यापासून. वर सुरुवातीच्या काळात मायक्रोफोनसुद्धा नव्हता. तो आला 1925 नंतर, आपल्याकडे पोचायला आणखी थोडा वेळ. त्याआधी एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्यानेच पलीकडची सुई हलणार आणि मेणात चरा पडणार. वीज नाही, काही नाही. उंच, टोकदार आवाज छान कोरले जायचे, खर्ज कुठे जायचा कळायचं नाही, तबला तर खोक्यावर टिचक्या मारल्यासारखा.

तुम्ही जुनी तबकडी नीट कान देऊन ऐका. पेटीचा एखादा सूर, लगेच मुखडा, अस्ताई दोनदा, अंतरा, दोन-चार ताना, आणि शेवटच्या वीस-पंचवीस सेकंदांत एक घाई येते. कुणीतरी समोरून हात दाखवत असणार, आवरा आवरा म्हणून. लय किंचित चढते, गवई मुखड्यावर येतो आणि खट्, संपलं. मला आधी ह्याचा राग यायचा. आता उलट झालंय, आता मला ती घाई आवडते. कारण फालतू काही करायला जागाच नाही. आज मैफिलीत कुणी एकच पद पाऊण तास दळत बसलं की माझ्या मनात येतं, बाबा रे, कुणीतरी हात दाखवा याला. (शिव्या घालायच्या असतील तर खाली घाला, मी वाचतो.)

आणि तीन मिनिटांनी नुसतं कापलंच असंही नाही ना. भावगीत घ्या. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गाऊन तबकडीवर आणली आणि ती घरोघरी गेली. ह्या गाण्याला नाटक नव्हतं, रंगमंच नव्हता, वन्समोअर नव्हता. कवितेची मोजकी कडवी आणि तबकडीचं माप, अगदी जुळून. माझं तर म्हणणं आहे की तबकडी नसती तर भावगीत आजच्या रूपात झालंच नसतं, नाट्यपद कापून तबकडीवर बसवावं लागलं पण भावगीत तबकडीसाठीच शिवलेलं होतं. हेच जोशी पुढे एचएमव्हीत रेकॉर्डिंगचं काम बघायचे, म्हणजे मापं घेणारा शिंपी पण तेच.

खाँसाहेबांचं निराळंच. अब्दुल करीम खाँ म्हणजे आमच्या मिरजेचे (सांगलीकराने ‘आमच्या मिरजेचे’ म्हटलेलं मिरजकरांना खपत नाही, माहितीय). त्यांची झिंझोटीतली ठुमरी, ‘पिया बिन नाही आवत चैन’, तीन मिनिटांचीच आहे. पण ते घाई करत नाहीत. एकच सूर लावून असे उभे राहतात की तुम्हाला वाटतं ह्यांच्याकडे अख्खी दुपार आहे. लहानगा भीमसेन ह्याच तबकडीने झपाटला आणि पुढे गाणं शिकायला घर सोडून पळाला. त्या वयात समोर खाँसाहेब नव्हते, एक यंत्र होतं. तीन मिनिटांत माणूस घराबाहेर काढणं म्हणजे काय असेल विचार करा.

आता ट्रंकेकडे येतो. सगळ्या तबकड्या जमिनीवर मांडल्या आणि एक गोष्ट लक्षात आली. काही कोळशासारख्या काळ्याभोर, नव्या कोऱ्या. काही राखाडी पडलेल्या. ह्यातलं कारण कळलं तेव्हा हसूच आलं. फोनोची सुई लोखंडी आणि मुद्दाम मऊ असते. तबकडीतली दगडाची भुकटी पहिल्या काही फेऱ्यांतच तिचं टोक घासून चरीच्या आकाराचं करते. म्हणून नियम असा की एक बाजू झाली की सुई फेकायची, नाहीतर झिजलेल्या टोकाला धार येते आणि तीच पुढे चर खरवडते. दोनशे सुयांची डबी यायची. आमचे आजोबा, देव त्यांना सुखी ठेवो, एक नंबरचे चिकट, ते एक सुई चार-पाच बाजूंना वापरायचे, वर ती बोटात धरून फिरवून बघायचे, अजून जाईल म्हणायचे. त्यामुळे जी गाणी घरात जास्त लागली ती राखाडी आणि जी आवडली नाहीत ती चकाचक. बालगंधर्वांच्या तबकड्या बघवत नाहीत, इतक्या पांढरट. हिराबाईंची एक तर मधल्या अर्ध्या इंचात सपाटच झालीय, तिथे एक तान आहे, ती परत परत लावली असणार. विनोदी नकला मात्र आरशासारख्या, तोंड बघून भांग पाडा.

मी मारलेली तबकडी राखाडीतली होती, गंधर्वांची. आत्याला सांगायचं धाडस होईना. ती ऐंशीच्या पुढे आहे, सांगलीतच असते, आणि त्या स्प्रिंगवर चालणाऱ्या फोनोची चावी द्यायचं काम लहानपणी तिच्याकडे होतं. आजीचा चहासुद्धा रेकॉर्डवर चालायचा, पावडर टाकली की एक बाजू लावायची, बाजू संपली की गाळायचा. आमच्याकडे अजून कडक चहाला ‘दोन बाजूंचा’ म्हणतात, पाहुण्यांना काही कळत नाही.

शेवटी मागच्या आठवड्यात फोनवर सांगून टाकलं. लाख, स्पिरिट, बोळे, सगळं. ती दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, ‘अरे, पण दोन्ही बाजू पुसल्यास का एकच?’

खरंच की. दुसऱ्या बाजूला बोळा लागलाच नव्हता. पहिल्या बाजूची वाट लागलेली बघून मी ती तशीच कव्हरात सरकवून ठेवली होती. फोन स्पीकरवर टाकला, तबकडी उलटी केली, नवी सुई लावली (आजोबांनी बघितलं असतं तर ओरडले असते), चार-पाच वेळा चावी फिरवली आणि सुई धरणारा साउंडबॉक्स हळूच टेकवला. खरखर आली, मग ऑर्गन, मग ते. आत्या तिकडे एकदम गप्प. मी फोन अजून जवळ धरला. दोन मिनिटं झाली असतील, अंतरा संपून ते मुखड्यावर येत होते, आणि मला काही वेगळं जाणवायच्या आधीच तिकडून आवाज आला, ‘चावी दे रे, चावी दे! सूर उतरतोय त्यांचा.’