खोकडाच्या मागावर, बंदुकीशिवाय

पुण्याहून सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंतच्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. चौफुल्याला उजवीकडे सुप्याच्या दिशेने वळलं की ऊस हळूहळू मागे पडतो आणि मुरमाड माळ लागतं. या पट्ट्यातलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारा हरणांसाठी प्रसिद्ध आहे. जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं, 1997 साली जाहीर झालेलं. पण अंधार पडल्यावर तिथे थांबता येत नाही, वनविभागाच्या इतर जमिनीतही नाही, आणि खोकड (कोल्ह्याहून लहान, माळावर राहणारा इंडियन फॉक्स) कामाला लागतं ते मुख्यतः दिवस मावळल्यावर. त्यामुळे रात्री त्याच्या मागावर बसायचं तर माळाला टेकलेलं कुणाचं तरी शेत हवं आणि मालकाची परवानगी हवी. आमच्यातल्या एकाच्या आबांचं असं शेत आहे. गावाचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

खोकड आणि कोल्हा यांत गल्लत नेहमीची. कोल्हा सात ते अकरा किलोचा, खोकड दोन ते चार किलोचं. उघड्या माळावर अंतराचा अंदाज चुकतो, त्यामुळे आकारावर जाऊ नये, शेपूट पाहावं. खोकडाचं शेपूट झुपकेदार, धडाच्या निम्म्याहून लांब आणि टोकाला काळंभोर. असं लांब शेपूट दिसलं की वाद मिटला.

आम्ही पौषातली शुद्ध अष्टमी धरली होती. या तिथीचा फायदा असा की सूर्य मावळताना चंद्र डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पूर्वरात्री टॉर्चशिवाय हालचाल टिपता येते, उत्तररात्री पूर्ण अंधार मिळतो. पौर्णिमेला डोळ्यांना सोपं जातं, पण इतक्या उजेडात उंदीर बिळाबाहेर फारसे येत नाहीत, मग त्यांच्यामागे फिरणारं खोकड तरी कशाला येईल? शिवाय डिसेंबर-जानेवारी हा त्यांच्या जोड्या जमण्याचा काळ, त्यामुळे ओरडणंही जास्त. भराभर, तुटक, चिरक्या आवाजात एकामागून एक हाका येतात. नवख्या कानाला ती टिटवीच वाटते.

खरं काम दुपारी चारला सुरू झालं. रात्री कुठे बसायचं हे दिवसाउजेडी ठरवावं लागतं. बांधाच्या कडेची मऊ माती आणि बैलगाडीच्या चाकोरीतला फुफाटा आधी तपासला. खोकडाचा ठसा साधारण चार सेंटिमीटरचा, लांबट, पुढे नखांची बारीक टोकं उमटलेली. कुत्र्याच्या पिल्लाचा ठसाही तेवढाच असतो, पण पिल्लू नागमोडी भरकटतं आणि खोकडाची चाल बहुधा एका रेषेत जाते. विष्ठा सापडली तर आणखी बरं. आम्हाला सापडलेल्या विष्ठेत भुंग्यांच्या पंखांची चकचकीत कवचं आणि बोरांच्या आठळ्या होत्या. म्हणजे शोध बोरीच्या झुडपांभोवती घ्यायचा. बीळ कुठे आहे तेही लांबूनच पाहून ठेवलं. बुटक्या गवतात, चारी बाजूंनी मोकळं दिसेल अशा उंचवट्यावर, एकाहून जास्त तोंडं असलेलं. बिळाजवळ जाऊन वाकून बघायचा मोह अनेकांना आवरत नाही. जाऊ नये. माणसाचा वास तिथे राहतो, आणि तुमच्या मागोमाग गावातली कुत्रीही तिथवर पोचतात. खोकडाला आज बंदुकीपेक्षा या कुत्र्यांकडून येणारा डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक संसर्गजन्य आजार) आणि रेबीज जास्त महागात पडतो.

बसायची जागा बिळापासून दीडेकशे मीटरवर, बोरींच्या बाजूला, बांधाला पाठ टेकून निवडली. पाठीमागे बांध असला की आकाशावर डोक्यांची काळी आकृती उमटत नाही. वारा कुठून येतो ते चिमूटभर फुफाटा उधळून पाहिलं. तो प्राण्याकडून आपल्याकडे यायला हवा, नाहीतर सगळी तयारी वाया. कपड्यांचंही एक सांगतो: नायलॉनची जॅकेटं उबदार असतात, पण दर हालचालीला सळसळतात, आणि शांत रात्री तो आवाज लांबवर जातो. घोंगडी उत्तम. मोज्यांवरून सुळसुळीत कापडाची पॅन्ट घालावी, नाहीतर कुसळं घोट्यात शिरतात आणि रात्रभर तुम्ही खाजवत बसता. डास पळवायचं मलम, अत्तर, चिवड्याची पाकिटं गाडीतच ठेवायची. मोबाइलही. पडद्याचा उजेड तोंडावर पडला की चेहरा माळावर दुरूनही उठून दिसतो.

दुर्बिणीच्या बाबतीत लोक आकड्यांच्या मागे लागतात. यातला पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा. रात्री 10×25 कुचकामी. भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. 8×42 मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, 7×50 मध्ये सात, 10×25 मध्ये फक्त अडीच.

टॉर्चला लाल कागद लावलेला होता. कुत्र्याच्या कुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. टॉर्च कमरेशी धरणारे हमखास तक्रार करतात की डोळे चमकत नाहीत. चमक आली त्याच वाटेने परत जाते, म्हणून टॉर्च आपल्या डोळ्यालगत, कानशिलापाशी धरायची. झोत थेट न टाकता त्याची फिकट कड फिरवायची, दोन-तीन सेकंद, मग बंद. जमिनीलगत लालसर ठिपका दिसला तर बहुधा रातवा पक्षी. गवतात हिऱ्यासारखे बारीक ठिपके लुकलुकले तर ते कोळी. बकरीचे आणि चिंकाराचे डोळे चांगले कमरेच्या उंचीवर असतात. खोकडाचे मात्र वीतभर उंचीवर, विझून पुन्हा थोड्या अंतरावर पेटणारे, कारण ते सारखं मान खाली घालून हुंगत असतं.

आमच्यातला एकजण उत्साहाने टॉर्च गरागरा फिरवायला लागला, तेव्हा आबा दबक्या आवाजात म्हणाले, "आरं, इझव ती बत्ती. त्येला येऊ दे की. तू कशाला जातुस त्येच्याकडं?" रात्रभरात मिळालेला हा एकमेव सल्ला, आणि तेवढा पुरेसा आहे.

साडेआठनंतर ते आलं. टॉर्च लावायची गरजच पडली नाही. चांदण्यात आधी शेपूट दिसलं, मग बाकीचं. बोरीखाली जाऊन खाली पडलेली बोरं ते एकेक उचलून खात होतं. मध्येच थांबून मान तिरकी करायचं, कान गवताकडे वळवायचं, मग चारी पाय उचलून उडी आणि पुढचे दोन पाय नेमके एका जागी. तीनातली एखादी उडी साधत असावी. कॅमेऱ्याला या उजेडात फार आशा नसते. सेन्सरची संवेदनशीलता (आयएसओ) चढवलेली, शटर मंद, लेन्स वाळूच्या पिशवीवर टेकवलेली, फोकसला मदत करणारा छोटा दिवा बंद, फ्लॅश तर नाहीच. इतकं करूनही बहुतेक फोटो हललेले येतात. हललेलेच बरे.

जवळपास दोन तास ते आमच्या समोर होतं, आणि मग पलीकडच्या माळावरून जीप आली.

टपावर एलईडीची आडवी पट्टी, मागे उभी राहिलेली चार-पाच माणसं, हातात सर्चलाइट. रस्ता सोडून थेट गवतात. प्रकाशात सापडलेल्या खोकडाला झोताबाहेर पडणं जमत नाही. दोन्ही बाजूंचा अंधार त्याला भिंतीसारखा वाटतो आणि ते उजेडाच्या पट्ट्यातच पळत राहतं. जीप मागे. खोकड अचानक काटकोनात वळताना शेपूट ताठ उभं करतं, तसं दोनदा केलं, दोन्ही वेळा सर्चलाइट त्याच्यावर परत आला. शेवटी ते बिळात शिरलं, तर गाडी बिळाच्या उंचवट्यावर जाऊन थांबली. मुरमाखालची पोकळ जमीन, वर दीड-दोन टनांचं वजन. माणसं उतरली, बिळाच्या तोंडाशी फ्लॅश उडाले. कुणीतरी कोंबडीचे तुकडे टाकले आणि "पाच मिनिटांत येतंय बघा साहेब, गॅरंटी" हे वाक्य आमच्यापर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

यांतल्या कुणाकडे बंदूक नव्हती, आणि विचारलं असतं तर सगळ्यांनी स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवून घेतलं असतं. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. त्या रात्री माळावर शिकार झाली ती अशी, तिकीट काढून. पाहुण्यांना नुसतं दोषी धरून भागत नाही. वाहनवाल्याला दर फेरीला प्राणी दाखवलाच पाहिजे असं वाटतं, कारण न दाखवल्यास पैसे परत मागणारे आपल्यातलेच असतात.

असं दिसलं तर भांडायला जाऊ नये. अंधारात, अनोळखी माणसांशी, आडरानात त्यातून काही निघत नाही. गाडीचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण लिहून घ्यावं आणि राज्याच्या वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवावं. लांबून, स्वतःचा दिवा न लावता काढलेला व्हिडिओ उपयोगी पडतो. आम्ही क्रमांक टिपला, फोन केला.

जीप गेल्यावर बिळाकडे पाहायला कुणी गेलं नाही. दबलेलं खोकड लवकर बाहेर येत नाही, आणि आपण जवळ गेलो तर ते आणखी आत राहतं. जागा सोडणं एवढंच करता येतं. फेब्रुवारीपासून पिल्लांचा काळ सुरू होतो, आणि बिघडलेलं बीळ सोडून जोडीला दुसरं शोधावं लागलं तर माळावर जागा तरी किती उरली आहे? सरकारदरबारी या जमिनीला पडीक म्हणतात. मग कुणी चर खणून गिरिपुष्पाची रोपं लावतं, कुणी नांगरून डाळिंब.

गावाचं नाव न लिहिण्याचं कारण आता वेगळं सांगायला नको. बिळाचा फोटो टाकताना मोबाइलमधली जागेची नोंदही काढून टाकावी. तालुका सांगितला तरी खूप झालं. ज्यांना खोकड बघायचंच आहे त्यांच्यासाठी वनविभागाने बारामतीतलं शिर्सुफळ आणि इंदापुरातलं कडबनवाडी इथे गवताळ सफारी सुरू केली आहे. ती दिवसाची असते आणि सोबत गाइड असतो. पहिली सकाळची फेरी घ्या. उन्हं चढली की खोकड बिळात जातं आणि मग चिंकारांवर समाधान मानावं लागतं.