ला पाल्माचा लाव्हा संगणकावर वाहवताना: माझा अनुभव

लाव्हा कुठून जाईल आणि कुठवर जाईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर जमिनीच्या उतारात असतं, दुसऱ्याचं लाव्ह्याच्या उष्णतेत. दोन्हींची सरमिसळ झाली की नकाशा दिसतो छान, पण वापरायला धोकादायक ठरतो.

लाव्ह्याची वाट संगणकावर काढायचं हे काम मी स्पेनच्या कॅनरी बेटांमधल्या ला पाल्मावर केलं. तिथला कुंब्रे व्हिएहा या ज्वालामुखीचा उद्रेक १९ सप्टेंबर ते १३ डिसेंबर २०२१ असा ८५ दिवस चालला आणि सुमारे १,२१९ हेक्टर जमीन लाव्ह्याखाली गेली. त्या काळात युरोपीय संघाच्या कोपर्निकस या उपग्रह-कार्यक्रमाच्या आपत्कालीन सेवेने लाव्ह्याच्या सीमा वेळोवेळी प्रसिद्ध केल्या, त्यामुळे आपल्या उत्तराचा ताळा घेता येतो. ताळा नसलेल्या ठिकाणापासून सुरुवात करू नका.

वाट शोधण्यासाठी ‘डाउनफ्लो’ ही पद्धत वापरली. इटलीतल्या संशोधकांनी ती २००५ साली मांडली. कल्पना साधी आहे. जमिनीच्या उंचीचा रास्टर, म्हणजे डीईएम, घ्यायचा: चौकोनी घरांची जाळी, प्रत्येक घरात (सेलमध्ये) तिथली उंची. प्रत्येक सेलच्या उंचीत ± काही मीटरचा यादृच्छिक फरक करायचा आणि ज्वालामुखीच्या मुखापासून सगळ्यात तीव्र उताराने खाली जाणारी एक वाट काढायची. हे हजारो वेळा करायचं. मी ± ३ मीटर आणि १,००० वाटांपासून सुरुवात केली, मग नकाशाची कड बदलायची थांबेपर्यंत वाटा वाढवल्या. पायथॉन, त्यातली आकडेमोडीची नमपाय लायब्ररी आणि नकाशांचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं.

खरा वेळ जातो तो डीईएमवर. पहिली गोष्ट, तो उद्रेकाआधीचा हवा. नंतरचा घेतला तर २०२१ चा लाव्हा त्यात उंचवटा म्हणून आलेला असतो. मग तुमची वाट बरोबर त्याच उंचवट्याला वळसा घालून जाते आणि ताळा उलटाच येतो. अवकाशयानातल्या रडारने मोजलेला एसआरटीएम हा डीईएम फेब्रुवारी २००० चा आहे, म्हणून तारखेच्या दृष्टीने चालतो. पण त्याचा सेल सुमारे ३० मीटरचा, आणि रडारला झाडांचे शेंडे आणि छपरंही जमिनीत धरावी लागतात. लाव्हा ज्यातून गेला त्या आरिदाने खोऱ्यात केळीच्या बागा आणि घरं दाटीने आहेत, तिथे हे नडतं. स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा लायडारवरून (विमानातून लेझरने मोजून) केलेला ५ मीटरचा डीईएम मिळतो, उद्रेकाआधीची आवृत्ती बघून तोच घ्या.

दुसरी गोष्ट प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीची. अक्षांश-रेखांशातला एसआरटीएम तसाच कोडला दिला तर उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशांत, म्हणजे उतार निरर्थक. शिवाय २८.६ अंश अक्षांशावर एक सेकंदाचा सेल उत्तर-दक्षिण सुमारे ३१ मीटर, तर पूर्व-पश्चिम २७ मीटर असतो. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या झोन २८ उत्तरमध्ये बदलून घ्या, आणि बदलताना ‘नियरेस्ट’ (जवळच्या एका सेलची उंची उचलणारा) नको, ‘बायलिनियर’ (शेजारच्या चार सेलांची भारित सरासरी घेणारा) निवडा. नियरेस्टने उंचीत पायऱ्या पडतात आणि वाटा त्या पायऱ्यांच्या कडेने सरळ रेषेत धावू लागतात. हिलशेड (उंचसखलपणा सावल्यांनी दाखवणारं चित्र) काढून डोळ्यांनी बघा, पायऱ्या लगेच दिसतात.

कोडमध्ये तीन जागी चूक होते. तिरप्या शेजारच्या सेलचं अंतर √२ ने वाढवायचं राहिलं तर वाटा कर्णाच्या दिशेने ओढल्या जातात. समुद्राचा किंवा रिकाम्या सेलचा −३२७६८ हा ‘माहिती नाही’ सांगणारा आकडा झाकला नाही तर बेटाच्या मधोमध पाताळ तयार होतं आणि जवळून जाणारी प्रत्येक वाट त्यात पडते. तिसरी चूक सगळ्यात फसवी: प्रत्येक फेरीत फरक मूळ डीईएमवर करायचा असतो. प्रत न करता त्याच अॅरेवर (उंचींच्या त्याच सारणीवर) केला तर तो साचत जातो. ± ३ मीटरच्या समान वाटपाचं प्रमाण विचलन (सरासरीपासूनचा ठराविक फरक) १.७ मीटर, पण १,००० फेऱ्यांनंतर ते जवळजवळ ५५ मीटर होतं. लक्षण असं की लाव्हा मुखाच्या वरच्या अंगालाही पसरलेला दिसतो.

एवढं जमलं की वाट मिळते, पोहोच नाही. डाउनफ्लोला थांबणं ठाऊकच नाही, तो समुद्रापर्यंत जातोच. ला पाल्माचा लाव्हा २८ सप्टेंबरला खरोखर समुद्राला मिळाला, त्यामुळे इथे हा दोष झाकला जातो. थांबण्याचा हिशेब ‘फ्लोगो’सारख्या उष्णतेच्या मॉडेलमधून येतो. १,१०० अंश सेल्सियसचा उघडा लाव्हा दर चौरस मीटरला सुमारे १९० किलोवॉट उष्णता किरणांनी गमावतो. त्यावर ६०० अंशांची साय, म्हणजे थंड होऊन घट्ट झालेला वरचा थर, धरली की हाच आकडा साधारण ३१ वर येतो. म्हणून ‘सायीचा वाटा किती’ हा आकडा मॉडेलमध्ये सगळ्यात नाजूक. वेगाच्या सूत्रात जाडीचा वर्ग असतो: १० अंशांच्या उतारावर, १,००० पास्कल-सेकंद स्निग्धतेला (लाव्ह्याच्या घट्टपणाला), १ मीटर जाडीचा प्रवाह सेकंदाला सुमारे दीड मीटर जातो, २ मीटरचा सहा मीटर. जाडी अंदाजाने भरू नका.

निकाल वाचताना एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. १,००० पैकी ४० वाटा एखाद्या घरावरून गेल्या म्हणजे त्या घराला ४ टक्के धोका, असं नाही. तो आकडा या मुखापासून निघालेल्या वाटांचा आहे. मुख तिथेच उघडण्याची शक्यता आणि लाव्हा तिथवर पोहोचण्याची शक्यता त्याला गुणल्यावरच धोका म्हणता येईल. नकाशाच्या सूचीत ‘टक्के’ न लिहिता ‘वाटांची संख्या’ लिहा, कारण हा नकाशा शेवटी घर सोडायचं की नाही हे ठरवणाऱ्याच्या हातात जातो.

ताळ्यासाठी मॉडेलने दाखवलेलं आणि प्रत्यक्ष लाव्ह्याखाली गेलेलं, या दोन्ही क्षेत्रांचा सामाईक भाग भागिले एकत्रित भाग असा निर्देशांक काढला. पण आकड्यापेक्षा चुकलेली जागा बघा. एकाच रनमध्ये पूर्ण ८५ दिवस बसत नाहीत. लाव्ह्याची सरासरी जाडी साधारण १२ मीटर भरली, तिथे ± ३ मीटरचा फरक पुरणार कसा? आधीचा थर पुढच्याला बाजूला ढकलतो. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांत एकावर एक दिसतात ते थर असेच साचलेले. त्यामुळे मी उद्रेकाचे टप्पे पाडले. प्रत्येक टप्प्याची प्रसिद्ध सीमा घेऊन त्यातल्या सेलांची उंची वाढवली आणि मग पुढचा रन दिला. सीमेवर उंची एकदम वाढवली तर भिंत उभी राहते आणि वाटा तिला चिकटून वाहतात, म्हणून कडेचे चार-पाच सेल उतरते ठेवावे लागतात.